आजाऱ्याच्या हातचे काम

आपल्या न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी आरोग्यावर काहीतरी लिहून द्यावे अशी चालकांची सूचना आली, तेव्हा आम्ही प्रथम तंबाखूविषयी लिहिण्याचे ठरविले होते. तंबाखूविषयी लिहिणे सोपे असते. लेख वाचून कोणी तंबाखू सोडीत नाही आणि लेखकास कर्तव्य बजावल्याचे समाधान मिळते. परंतु गावातील मंडळींना वैद्यकीय मदतीचे अर्ज लिहून देण्याचे काम शाळामास्तर या नात्याने आमच्याकडे येत असते, आणि कर्करोगाचे अर्ज लिहिताना एक गोष्ट आमच्या ध्यानात येत गेली. अर्जात रुग्णाचे नाव असते, वय असते, रोग असतो, खर्चाचा अंदाज असतो. रुग्णाजवळ रात्री कोण बसते, यासाठी मात्र कोठेही रकाना नसतो. त्या नसलेल्या रकान्यातील माणसाविषयी आज थोडे लिहावयाचे आहे. आणि त्याचा भार हलका करण्याचे काम खुद्द आजाऱ्यास किती करता येते, हे सांगावयाचे आहे.

हे वाचून कोणी दचकेल. आधीच रोगाने गांजलेल्या माणसाला आणखी काम सांगता काय, असे विचारील. आमचेही मत एकेकाळी असेच होते. ते का बदलले, ते पुढे येईलच.

कर्करोगाची शुश्रूषा इतर दुखण्यांच्या शुश्रूषेसारखी नसते. टायफॉइडचा रोगी तीन-चार आठवड्यांत उठून बसतो व घर पुन्हा रुळावर येते. कर्करोगाचे तसे नाही. तपासण्या, शस्त्रक्रिया, मग केमोथेरपी, जिला आपल्याकडे नुसते किमो म्हणतात, मग विकिरण, मग पुन्हा तपासण्या, असे महिनेच्या महिने जातात. केरीहून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जायचे तर पहाटे घर सोडावे लागते, म्हापशास बस बदलावी लागते, आणि परतेपर्यंत दिवेलागण होते. मुंबईस जावे लागले तर विचारूच नका. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथे आणि जवळच दादरला असलेल्या संत गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत साऱ्या देशातील रुग्ण व त्यांची माणसे भेटतात. तेथे रुग्ण कोण आणि सोबतचा कोण हे चेहऱ्यावरून ओळखावयास सांगितले, तर आम्ही निम्म्या वेळा चुकू.

सोबतचा माणूस अपुरा निजतो, उभ्याने जेवतो, स्वतःच्या गोळ्या विसरतो. त्याची पाठ दुखते. तो क्षुल्लक कारणावरून चिडतो आणि चिडल्याबद्दल स्वतःस दोष देत बसतो. अमेरिकेत स्टीव्हन झारिट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली हा भार मोजण्यासाठी एक प्रश्नावलीच तयार केली. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या घरच्यांसाठी ती केली होती, पुढे इतर आजारांतही वापरली गेली. आपल्या भागात हा सोबतचा माणूस बहुधा बाई असते. पत्नी, मुलगी, आणि सर्वांत जास्त वेळा सून.

या बाईला उपदेश करणारे पुष्कळ असतात. थोडी विश्रांती घेत जा, स्वतःकडे लक्ष दे, मन मोकळे कर. उपदेश योग्य आहे. पण विश्रांती घेण्याची परवानगी तिला कोण देणार? सुनेने उठून म्हणावे की आज मी निजते, तर घर काय म्हणेल आणि शेजार काय म्हणेल, हे आपण सर्व जाणतो.

आमच्या घरचीच हकीकत सांगतो. २०१६ साली आमच्या आईस मोठ्या आतड्याचा कर्करोग झाल्याचे निघाले. शस्त्रक्रिया मुंबईस झाली, केमोथेरपी बांबोळीस. दर चौदा दिवसांनी एक, अशा बारा फेऱ्या. आई घरी आल्याबरोबर आम्ही प्रेमापोटी तिच्या हातचे सगळे काम काढून घेतले. ही बाई आयुष्यभर पहाटे उठणारी. नारळ सोलून घेण्यापासून पेजेला तांदूळ किती घ्यावे इथपर्यंत सारे तिच्या हुकुमाने चालणारे. तिला आम्ही खाटेवर बसविले आणि सांगितले की तू आता काही करायचे नाही. आमची पत्नी तिचे सर्व करू लागली, आणि आम्ही, सकाळी शाळा असते या सबबीवर, आतल्या खोलीत निजू लागलो.

सहाव्या की सातव्या फेरीनंतर एका रात्री पाणी प्यावयास उठलो, तो पत्नी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेली. का बसलीस म्हणून विचारले. ती म्हणाली, "मला ताप यावा असं वाटतं. म्हणजे निजायला मिळेल."

त्या वाक्याने आमची झोप उडाली खरी, पण करावे काय ते सुचले नाही. सुचले ते आईला. घर लहान, तिने ते ऐकले होते.

दुसऱ्या दिवशी आईने तांदळाचे सूप मागितले. खडे निवडते म्हणाली. पत्नीने नको नको म्हणत दिले. दोन तास बसून आईने तांदूळ निवडले आणि कित्येक दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर तरतरी दिसली. दुपारी जेवताना तिसऱ्या घासाला दाताखाली खडा आला. मग पाचव्याला. त्या केमोथेरपीतील एका औषधाने बोटांची टोके बधिर होतात आणि थंड पाण्यास हात लावला की झिणझिण्या येतात, हे आम्हांस डॉक्टरांनी सांगितले होते. पण त्याचा अर्थ असा निघतो हे लक्षात आले नव्हते. उकड्या तांदळातील बारीक खडा बोटाला लागलाच नाही. पुढे आठ दिवस आई दुपारी तांदूळ निवडी आणि पत्नी रात्री चोरून तेच तांदूळ पुन्हा निवडी. मदत झाली नाही. काम दुप्पट झाले.

आम्ही मुद्दाम हे अपयश सांगत आहोत, कारण अशा लेखांतून पहिलाच प्रयत्न फळास आल्याचे वाचून लोकांचा समज होतो की आजाऱ्याला काहीही काम दिले म्हणजे झाले. तसे नसते. रक्तातील बिंबाणू, ज्यांना डॉक्टर प्लेटलेट म्हणतात, ते उतरले असतील तर रक्त लवकर थांबत नाही. अशा वेळी विळीवर बसणे धोक्याचे. स्तनाच्या कर्करोगात काखेतील गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताने जड उचलण्याआधी डॉक्टरांस विचारावे, कारण तो हात सुजू शकतो. रोग हाडात गेला असेल तर घागर, बादली, नातवंड यांपैकी काहीच उचलू नये. पांढऱ्या पेशी कमी असताना बागेतील माती उकरू नये. यासाठी काम निवडण्याआधी आजारी माणसाच्या हातात आज काय आहे ते पाहावे लागते. वर्गात आम्ही हेच करतो. बाकावर बसून कंटाळलेल्या मुलाला फळा पुसावयास सांगतो, पण ज्याचा हात फळ्याला पोचत नाही त्याला हजेरीपट कार्यालयात नेऊन देण्यास सांगतो.

तांदळाचा प्रकार आईच्या लक्षात येणे अटळ होते. एके रात्री तिला सुपाचा आवाज आला. ती काही बोलली नाही. पण त्याच आठवड्यात तिने एक वाईट गोष्ट केली, आणि तीही सुनेच्या भल्यासाठी.

फेरीनंतरचा दहावा दिवस होता. रात्री आईस ताप भरला. केमोथेरपीनंतर साधारण सात ते चौदा दिवसांच्या अवधीत पांढऱ्या पेशी खाली येतात आणि त्या वेळी ताप १०० पूर्णांक ४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते. हे घरात सर्वांना ठाऊक होते, आईलाही. तरी सून नुकतीच निजली आहे म्हणून ती पहाटेपर्यंत गप्प पडून राहिली. उजाडता उजाडता हुडहुडी भरली आणि १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी लागली. रुग्णालयात पाच दिवस काढले. त्या पाचही रात्री आमच्या पत्नीने बाकावर बसून काढल्या. एक झोप वाचविण्यासाठी पाच झोपा गेल्या.

घरी परतल्यावर आईने शाळेतील एक दोनशे पानी वही मागून घेतली. आई पोर्तुगीज अमदानीत गावच्या मराठी शाळेत चार इयत्ता शिकलेली. वहीत तिने रकाने आखले: तारीख, ताप, दुखणे, शौच, गोळ्या. सकाळ-संध्याकाळ स्वतःच थर्मामीटर लावून ती लिहू लागली. दुखण्याला शून्य ते दहापर्यंत गुण द्यावेत असे बांबोळीस नर्सने शिकविले होते. शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे याहून अधिक असूच शकत नाही. मास्तराच्या आईला ही पद्धत फार आवडली. यापूर्वी आमची पत्नी दिवसातून वीस वेळा विचारी, दुखते का? आणि आई वीस वेळा म्हणे, नाही. त्या 'नाही'वर कोणाचाच विश्वास नसे, म्हणून रात्री पुन्हा पुन्हा उठून पाहावे लागे. वहीत 'चार' असे लिहिलेले दिसू लागले, तेव्हा 'दोन' लिहिलेल्या रात्री निजता येऊ लागले. आजाऱ्याने खरे सांगणे ही शुश्रूषा करणाऱ्याला मिळणारी सर्वांत मोठी विश्रांती होय, असे आमचे अनुभवाअंती मत झाले आहे. शुश्रूषा या शब्दाचा मुळातील अर्थच ऐकण्याची इच्छा असा आहे. आता ऐकणाऱ्याला ऐकविणारा तर हवा.

मॉर्फिनविषयीही येथेच सांगून टाकतो. दुखणे असह्य झाल्यावर घ्यावयाचे ते अखेरचे औषध, अशी समजूत असल्यामुळे पुष्कळ रुग्ण ते नाकारतात आणि कण्हत राहतात. घरचे जागत राहतात. डॉक्टरांनी दिलेले असल्यास ते सांगितलेल्या वेळी, घड्याळाप्रमाणे घ्यावयाचे असते. रुग्णांना ते मिळणे सुकर व्हावे म्हणून २०१४ साली कायद्यात दुरुस्तीही झाली आहे. शहाण्या रुग्णाने बद्धकोष्ठाचे औषध मात्र सोबत मागून घ्यावे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. घरात आजारी माणसाजवळ एक सत्ता असते, जी दुसऱ्या कोणाजवळही नसते. त्याचा शब्द मोडवत नाही. ही सत्ता बहुतेक रुग्ण मासळीच्या आमटीत मीठ किती आहे यावर खर्च करून टाकतात. आमच्या आईने ती निराळ्या ठिकाणी वापरली. एका संध्याकाळी तिने आम्हांस बोलावून सांगितले, "मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री माझ्याजवळ तू निजायचं. ती आत निजेल." आम्ही शाळेचे निमित्त पुढे केले. ती म्हणाली, "शाळेत खुर्ची आहे ना?"

पत्नीने हेच सांगितले असते तर आम्ही काय उत्तर दिले असते, ते येथे लिहिण्याचे धाडस होत नाही. त्या पहिल्या मंगळवारी आम्हांस प्रथमच कळले की आई रात्री चार वेळा उठते. की चौथ्या वेळी तिला हात देताना आपल्या मनात राग येतो. आणि त्या रागाची लाज सकाळपर्यंत पुरते. हे सर्व पत्नी सहा महिने एकटी करीत होती.

भेटीस येणाऱ्यांच्या बाबतीतही आईने तीच युक्ती केली. आजाऱ्याची विचारपूस करणे, आम्ही ज्याला इयादत म्हणतो, ते मुसलमानाचे कर्तव्य समजले जाते आणि हिंदू व ख्रिस्ती शेजारीही त्यात कमी पडत नाहीत. फार वेळ बसून आजाऱ्यास शिणवू नये हा त्यातील शिष्टाचार आहे. पण आपल्याकडे चहा झाल्याशिवाय उठणे हाही एक अशिष्टपणा मानतात. दुपारी तीन ते सहापर्यंत आमच्याकडे कपबशा विसळण्याचे काम चाले. आईने मग येणाऱ्या बायकांना सरळ सांगण्यास सुरुवात केली: "चहा नको. तू माझ्याजवळ तासभर बैस, हिला निजू दे." कोणालाही वाईट वाटले नाही. उलट नुसते 'कसे आहे' विचारून परतण्यापेक्षा त्यांनाही काही केल्यासारखे वाटले. एकीने तर गुरुवार ठरवूनच टाकला. त्या गुरुवारी आमची पत्नी प्रथम बरेच दिवसांनी तेरेखोलच्या फेरीने पलीकडे जाऊन आली. काम काही नव्हते. जाऊन आली इतकेच.

या सर्वांमागे मानसशास्त्र काय आहे? १९७६ साली एलेन लँगर व जुडिथ रोडिन या अमेरिकी विदुषींनी कनेटिकट राज्यातील एका वृद्धाश्रमात केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरील वृद्धांना सांगितले की तुमची व्यवस्था तुम्ही ठरवा, आणि प्रत्येकास आवडेल ते एक रोप सांभाळावयास दिले. दुसऱ्या मजल्यावरच्यांना सांगितले की तुमची काळजी आम्ही घेऊ. रोप त्यांनाही दिले, परंतु पाणी परिचारिका घालतील असे सांगितले. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरील मंडळी अधिक उत्साही व जागरूक आढळली. हे वृद्ध कर्करोगाचे रुग्ण नव्हते, म्हणून या प्रयोगावर आम्ही फार भार टाकू इच्छीत नाही. आपल्या हातून सगळे काढून घेतले गेले की माणूस स्वतःस ओझे समजू लागतो, आणि ओझे समजणारा माणूस सांभाळणे सर्वांत कठीण, एवढे मात्र प्रयोगावाचूनही कळण्यासारखे आहे.

आपल्या धर्मांनी हे फार पूर्वी ओळखलेले दिसते. नमाज उभ्याने पढता येत नसेल तर बसून पढावी. बसवत नसेल तर आडवे पडून. तेही जमत नसेल तर मानेच्या नुसत्या खुणेने. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची मोकळीक आहे, आणि बरे होण्याची आशाच नसेल तर त्याऐवजी गरिबास अन्न द्यावयाचे असते. म्हणजे त्राण संपत जाते तसे काम लहान होत जाते, परंतु पटावरचे नाव खोडीत नाहीत. आमच्या हिंदू सहकाऱ्यांत मानसपूजेची जी कल्पना आहे तीही याच जातीची.

एक सावधगिरीची सूचना. आपले माजी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांनी स्वादुपिंडाच्या कर्करोगात, नाकात नळी असताना, जानेवारी २०१९ मध्ये विधानसभेत अर्थसंकल्प मांडला. १७ मार्च २०१९ रोजी ते निवर्तले. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या संस्थापक डॉ. सुनंदा अवचट यांनीही कर्करोगाशी झुंजत असता केंद्राचे काम चालविले; त्या १९९७ साली गेल्या. ही थोर माणसे. पण आपल्या गावात आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकले आहे की उलट्या करून गळून पडलेल्या माणसाला कोणी म्हणाले, "भाई बघ शेवटपर्यंत उभे राहिले." हे बोलणे क्रूर आहे. केमोथेरपीचा थकवा आळस नसतो. झोपेनेही तो जात नाही. काम आजाऱ्याने मागावे किंवा त्यास विचारून द्यावे. ज्या दिवशी तो नको म्हणेल त्या दिवशी सूप मुकाट्याने उचलून ठेवावे. आणि एखादा रुग्ण काहीच करू शकला नाही, तर त्याने कोणाचे काही देणे ठेवले असे होत नाही.

कित्येकदा आजाऱ्याचे एक 'हो' हेच त्याचे काम असते. अखेरच्या अवस्थेतील कर्करुग्णांसाठी शांती आवेदना सदन ही संस्था १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे निघाली व पुढे गोव्यात लोटली येथेही तिची शाखा झाली. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे परिहार सेवा केंद्र आहे. तेथे घरच्या माणसांनाही शुश्रूषा शिकवितात. अशा ठिकाणी नेण्याचा विषय काढणे म्हणजे माणसाला टाकून देणे, असा ग्रह असल्याने घरचे तोंड उघडीत नाहीत. तो ग्रह फक्त आजारी माणूसच दूर करू शकतो.

आमची आई दोन वर्षे बरी राहिली. २०१९ साली रोग यकृतात परतला. या वेळी कामे हळूहळू कमी होत गेली. प्रथम वाल सोलणे सुटले, मग नातवाचे पाढे घेणे, मग शेजारणींना फोन करणे. आमच्या घरांत आभार मानण्याची पद्धत नाही, आणि तिनेही ते कधी मानले नाहीत, सून खोलीत आली की "जेवलीस?" एवढे विचारी, आणि उत्तर खोटे असेल तर डोळे मिटीत नसे. फेब्रुवारी २०२० मध्ये ती गेली.

वही आमच्याकडे आहे. शेवटच्या पानांवरील अक्षर फार वाकडे झाले आहे व ताप-दुखण्याचे रकाने बरेच ठिकाणी कोरे आहेत. पण जानेवारीपासून तिने डाव्या समासात एक नवा रकाना आखलेला आढळतो. त्यावर मथळा नाही. आमच्या पत्नीस रक्तदाबाची गोळी सुरू होती आणि ती घ्यावयाची राहून जाई. त्या रकान्यात रोज सकाळची एक खूण आहे. २९ जानेवारीस खूण नाही. त्या ठिकाणी लिहिले आहे: "आज घेतली नाही. उद्या विचारणे."